कोचीला एक दिवस पुरेल का? पुरेल, पण शुक्रवार नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीनंतर पाच जण निघताय, त्यात सत्तरीचे आई-बाबा आणि सहावीतली मुलगी. गुरुवारी रात्री विमानाने कोची, शुक्रवारी ‘फुल डे कोची साइटसीइंग’, शनिवार-रविवार मुन्नार, मग थेक्कडी, मंगळवारी अलेप्पीची हाउसबोट आणि बुधवारी रात्रीच्या विमानाने परत. कोचीत नुसती चर्चं आणि मसाल्याची दुकानं आहेत असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. तेव्हा तो शुक्रवार काढून मुन्नारला एक रात्र वाढवावी का?

शुक्रवार काढाच. कोची मात्र काढू नका, शेवटी टाका.

कारण अगदी साधं आहे. कोचीत जे आत जाऊन बघायचं, त्यातल्या दोन मुख्य जागा म्हणजे मट्टनचेरीचा राजवाडा आणि ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर. राजवाड्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद. सिनेगॉगमध्ये शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, त्यामुळे शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस तिकडे फिरकायचं नाही. म्हणजे तुमच्या शुक्रवारी तुम्हाला मिळणार काय, तर दोन्हींची बंद दारं, मग वेळ भरून काढायला ड्रायव्हर नेईल ती दोन एम्पोरियम, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवरची तासाभराची बोट. हे असं कोची बघून आलेली मंडळीच ‘तिथे काही नाही’ म्हणून सांगत फिरतात. पॅकेज बनवणारा हॉटेलच्या खोल्या बघून वार ठरवतो, कुठली जागा कुठल्या वारी बंद हे बघत नाही. ते आपणच बघायचं.

आता सहल उलटी करू. विमानतळ कोची शहरात नाही, तो नेडुंबासेरीला, शहरापासून तीस-एक किलोमीटर उत्तरेला आहे, आणि मुन्नारचा रस्ता तिकडूनच जवळ पडतो. गुरुवारी रात्री शहरात शिरूच नका. विमानतळाजवळ किंवा आलुव्याला झोपा. शुक्रवारी सकाळी सरळ मुन्नार. शुक्रवार-शनिवार मुन्नार, रविवारी थेक्कडी, सोमवारी हाउसबोट. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला बोट सोडायला लावतातच. अलेप्पी ते फोर्ट कोची पंचावन्न-साठ किलोमीटर. ड्रायव्हरला एर्नाकुलममध्ये न शिरता तोप्पुंपडीवरून घ्यायला सांगा, अकरा-साडेअकराला पोचाल. रात्री तेवढ्याच, हॉटेल एक वाढलं, बाकी फक्त क्रम फिरला. आणि हातात मंगळवार दुपार ते बुधवार दुपार असा पूर्ण दिवस आला, तोही सगळं उघडं असताना.

राहायचं फोर्ट कोचीत, एर्नाकुलममध्ये नाही. पॅकेजवाले एर्नाकुलम देतात कारण तिथे मोठी हॉटेलं आहेत आणि बस उभी राहते. पण एर्नाकुलम हे आजचं शहर आहे: मेट्रो, मॉल, साड्यांची मोठाली दुकानं. तुम्हाला बघायचंय ते खाडीपलीकडे. फोर्ट कोचीत जुन्या घरांमधले होमस्टे भरपूर आहेत, रस्ते सपाट आहेत, आणि सकाळी सहाला दार उघडून पाच मिनिटांत पाण्यावर जाता येतं. याचं महत्त्व पुढे येईलच. आई-बाबांसाठी तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवा, जुन्या घरांचे लाकडी जिने उभे असतात.

जागांकडे वळण्याआधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, म्हणजे हे गाव उलगडत जाईल. कोची हे बंदर आधी आणि शहर नंतर. रोमन जहाजं जिथे मिरी न्यायला येत ते मुझिरिस इथलं नव्हे, ते उत्तरेला कोडुंगल्लूरच्या बाजूला, पेरियार नदीच्या मुखाशी. 1341 साली पेरियारला प्रचंड पूर आला, तिकडचं मुख गाळाने भरलं आणि इकडे कोचीचं मुख रुंदावलं, अशी मांडणी इतिहासकार करतात. व्यापार इकडे सरकला. म्हणून कोचीत तुम्हाला हजार वर्षांपूर्वीचं मंदिर किंवा लेणं शोधून सापडणार नाही. जे आहे ते या पाण्यामागे आलेल्या लोकांचं आहे. अरब, चिनी, ज्यू, पोर्तुगीज, डच, इंग्रज, गुजराती, कच्छी, आणि गोव्यातून आलेले आपले कोकणी. प्रत्येकाने येताना आपला देव आणि आपला तराजू बरोबर आणला. चर्च, सिनेगॉग, राजवाडा, गोदामं अशी सुटी सुटी ठिकाणं म्हणून बघाल तर कंटाळाल. एकाच बंदरावर कोण कुठून आलं आणि कुणाच्या शेजारी बसलं म्हणून बघाल तर मुलगीसुद्धा प्रश्न विचारायला लागेल.

मंगळवारी जेवून, जरा पाठ टेकून, तीनच्या आत मट्टनचेरीला पोचा. फोर्ट कोचीहून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. दिवाळीच्या सुमाराला केरळात परतीचा पाऊस असतो, तिथले लोक त्याला तुलावर्षम म्हणतात. सकाळ लख्ख, दुपारनंतर ढग भरून येतात आणि तासभर विजांसह कोसळतो. त्यामुळे छपराखालचं दुपारी आणि उघड्यावरचं सकाळी, हा नियम त्या महिन्यात पाळायचा.

राजवाड्याला सगळे ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण तो बांधला पोर्तुगीजांनी. 1555 च्या सुमाराला, कोचीचा राजा वीर केरळ वर्मा याला भेट म्हणून. जवळचं एक मंदिर लुटलं गेल्यावर त्याची नाराजी काढण्यासाठी, असं सांगतात. डचांनी 1663 नंतर त्याची डागडुजी केली आणि नाव त्यांचं चिकटलं. बाहेरून बघाल तर तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटेल. पांढऱ्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, दोन मजले. जयपूर-म्हैसूर बघितलेली माणसं इथे दारातच ‘एवढंच?’ म्हणतात. वर जायला जिना आहे, आई-बाबांना सावकाश चढू द्या; वर गेलं की सगळं एकाच पातळीवर आहे. आत राजांच्या तसबिरी, मेणे, पालख्या, तलवारी. तसबिरींखालची नावं वाचताना मुलीला एवढं सांगा की इथे बापामागून मुलगा गादीवर येत नसे, बहिणीचा मुलगा येई. मग ती ओळ वेगळ्याच नजरेने बघितली जाते.

पण हे सगळं झरझर उरकून राजाच्या शयनगृहात जा. चारी भिंती भरून रामायण रंगवलेलं आहे, दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून रावणवधानंतर अयोध्येला परत येईपर्यंत. आत पाऊल टाकताच काहीच नीट दिसत नाही, कारण रंग जपण्यासाठी उजेड मंद ठेवलेला असतो. ग्रुप याच क्षणी मागे फिरतात. तुम्ही दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. आधी गेरूसारखा तांबडा वर येतो, मग पिवळा, मग हिरवा. मग लक्षात येतं की भिंतीवर बोटभरही जागा मोकळी सोडलेली नाही. माणसं, माकडं, राक्षस, झाडं, हत्ती सगळे एकमेकांना खेटून, आणि दोन प्रसंगांच्या मध्ये चौकट अशी नाहीच. एका प्रसंगातली माणसं पाठ फिरवतात तिथे दुसरा सुरू होतो. गोष्ट आपल्याला पाठ आहे, त्यामुळे फलक न वाचता प्रसंग ओळखायचा खेळ मुलीबरोबर खेळता येतो, आणि त्यात आजी-आजोबा बहुतेक वेळा जिंकतात.

एक खूण सांगून ठेवतो, ती संध्याकाळी कामाला येईल. केरळच्या भित्तिचित्रांत रंग हौसेने निवडलेले नसतात. सात्त्विक पात्र हिरवं, राजस पिवळ्या-तांबड्याकडे झुकणारं, तामस पांढरं किंवा काळं. राम हिरवा का, याचं उत्तर तिथेच आहे. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. खालच्या मजल्यावरही चित्रांच्या खोल्या आहेत, त्यात शिव-पार्वतीच्या विवाहाचे प्रसंग आहेत; उघड्या असतील तर सोडू नका.

राजवाड्यापासून सिनेगॉग चालत पाच मिनिटं. ज्यूंची वसाहत राजवाड्याला इतकी लागून आहे हा योगायोग नाही. कोचीच्या राजाने त्यांना आपल्या सावलीत जागा दिली होती. सिनेगॉग 1568 चं. पोर्तुगीजांनी 1662 मध्ये त्याची नासधूस केली, डच आल्यावर ते पुन्हा उभं राहिलं. बाहेरचा घड्याळाचा मनोरा 1760 चा, आणि त्याच्या वेगवेगळ्या बाजूंच्या तबकड्यांवर आकडे वेगवेगळ्या लिप्यांत आहेत. बाहेर उभं राहून ते मुलीला शोधायला लावा. आत चपला काढून जायचं. जमिनीकडे बघा: पांढऱ्यावर निळ्या रंगाने हाताने रंगवलेल्या चिनी फरश्या, अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या. कुठे विलो झाड, कुठे पूल, कुठे घर. सगळ्या एकसारख्या वाटतात, मग शेजारच्या दोन नीट बघितल्या की झाडाची फांदी निराळी, पुलाचा कठडा निराळा. एकही दुसरीसारखी नाही असं तिथे अभिमानाने सांगतात. वर बेल्जियमची काचेची झुंबरं लटकतात, मधोमध पितळी कठड्याचा मंच. पंधरा-वीस मिनिटांत होतं, पण त्याहून घाई करू नका. बंद व्हायची वेळ साधारण पाचची आणि दुपारी जेवणाची सुट्टी असते, म्हणून तुम्हाला तीनची वेळ दिली.

इथला समाज 1948 नंतर बहुतांश इस्राएलला गेला, त्यामुळे रस्ता ज्यूंच्या नावाचा असला तरी दुकानं आता काश्मिरींची आणि इतरांची आहेत. कोकणातल्या, विशेषतः अलिबाग-रेवदंड्याकडच्या वाचकांना शनवार तेली, म्हणजे कोकणातले ज्यू, ठाऊक असतील. एकोणिसाव्या शतकात त्या बेने इस्राएल मंडळींना प्रार्थना आणि धर्मविधी शिकवायला कोचीहूनच शिक्षक येत असत. तेव्हा हे आपल्याला अगदीच परकं नाही.

आणि परकं नसण्याचाच विषय निघाला म्हणून: इथून जवळच चेरलाई नावाचा भाग आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे गोवा सोडलेली गौड सारस्वत कुटुंबं इथे येऊन वसली, तिरुमल देवस्वम हे त्यांचं मोठं देऊळ. रस्त्यावर कान उघडे ठेवलेत तर कोकणी ऐकू येते आणि तुमच्या आई-बाबांना ती अर्धीअधिक समजते. डच गव्हर्नर व्हान रीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. झाडांची माहिती दिली इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. या तिघांनी 1675 साली कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात जसंच्या तसं छापलंय. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरचं वर्ष आहे ते. कोचीतल्या कुठल्याही फलकापेक्षा मला हे जास्त भारी वाटतं, पण पॅकेजमध्ये चेरलाई कधीच नसतं. देवळात जायचं असेल तर तिथल्या रीतीप्रमाणे पुरुषांनी शर्ट काढून जावं लागतं, आणि लुंगी म्हणजे मुंडू बरोबर असलेलं बरं.

मसाले. सिनेगॉगच्या गल्लीत वास सुंदर येतो आणि भाव त्याहून सुंदर लावतात. तिथे फक्त बघा. घ्यायचे असतील तर जरा पुढे बाजार रोडला जा, जिथे अजून घाऊक गोदामं आहेत आणि हातगाड्यांवरून पोती जातात. वेलदोडा हिरवागार, टपोरा आणि बंद तोंडाचा घ्या. फुटलेला असला की वास गेलेला असतो. मिरी घेताना दाणा मोठा, एकसारखा आणि जड हवा. मूठभर हातात घेऊन दाबा, हलका दाणा चुरडतो. ‘तेल्लीचेरी’ म्हणून जे विकतात तो मोठ्या दाण्याचा दर्जा आहे, गाव नव्हे. केशर आणि ‘आयुर्वेदिक’ तेलं इथे घेऊ नका. रिक्षावाला फुकट किंवा पन्नास रुपयांत सगळं कोची दाखवतो म्हणाला, तर त्याला दुकानदाराकडून माणशी काहीतरी मिळणार आहे हे समजून चाला. तो काही वाईट माणूस नसतो, फक्त तुमची दुपार त्याच्या यादीप्रमाणे जाते.

संध्याकाळी कथकली. फोर्ट कोचीत रोज पर्यटकांसाठी छोटे प्रयोग होतात. पंडित मंडळी याला नाकं मुरडतात, कारण खरं कथकली देवळाच्या आवारात रात्रभर चालतं. पण नवख्या कुटुंबाला रात्रभर झेपणारही नाही, तेव्हा दीड तासाचं चालेल. अट एकच: प्रयोगाच्या वेळी पोचू नका, रंगभूषेच्या वेळी पोचा, म्हणजे तासभर आधी. नट आडवा झोपलेला असतो आणि दुसरा माणूस त्याच्या जबड्याच्या कडेने तांदळाच्या पिठाची खळ आणि कागद लावून पांढरी कड उभी करतो. त्याला चुट्टी म्हणतात. नंतर नट एका झाडाचा बारीकसा कण पापणीखाली घालून डोळे फिरवतो, आणि थोड्या वेळाने डोळ्याचा पांढरा भाग लालबुंद होतो. मुलीला हे आयुष्यभर लक्षात राहील. आणि नायकाचा चेहरा हिरवा बघितलात की दुपारच्या भिंतीवरचा राम आठवेल. नियम तोच आहे, म्हणून तर राजवाडा आणि कथकली एकाच दिवशी लावले. सुरुवातीला नट नऊ रस आणि हस्तमुद्रा उलगडून दाखवतात, तेवढं झालं की आई-बाबा थकले असतील तर उठायला हरकत नाही.

बुधवारी सकाळी सहा-सव्वासहाला चिनी जाळ्यांपाशी. तुमच्या पॅकेजमध्ये ती सूर्यास्ताला लिहिली असतील; सगळ्यांच्याच असतात. संध्याकाळी तिथे गर्दी, आइस्क्रीम आणि सेल्फी. काम सकाळी दिसतं, तेही भरतीच्या हिशेबाने, म्हणून थोडं थांबावं लागतं.

आता हे यंत्र कसं चालतं ते नीट बघा. काठावर लाकडी मचाण. त्यावर बिजागरीसारखी फिरणारी लांब लाकडी चौकट, जिच्या पाण्याकडच्या टोकाला चार वाकड्या काठ्यांतून ताणलेलं भलंमोठं जाळं आणि जमिनीकडच्या टोकाला दोरांनी टांगलेले दगड. एक माणूस मुख्य लाकडावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. थोडा वेळ थांबतात. मग चार-पाच जण मिळून दोर ओढतात आणि जाळं वर येतं. गंमत त्या दगडांत आहे: ते वेगवेगळ्या लांबीच्या दोरांवर असतात. जाळं जसजसं वर येतं तसतसा एकेक दगड मचाणावर टेकतो आणि उरलेलं वजन कमी होत जातं, त्यामुळे एवढा डोलारा कुठेही झटका न बसता तोलात राहतो. मोटर नाही, कप्पी नाही. सातवी-आठवीत तरफ शिकताना मुलीला हे आठवलं तर तुमचे पैसे वसूल. कोळी बोलावतात, दोर ओढू देतात, नंतर थोडे पैसे अपेक्षित असतात. आधी विचारून ठरवा आणि द्या, कारण जाळ्यात आता मासे फारसे मिळत नाहीत आणि लाकूड बदलायचा खर्च मोठा आहे. जाळी कुणी आणली याबद्दल दोन मतं आहेत. एक, पंधराव्या शतकात झेंग हे या चिनी दर्यासारंगाच्या आरमाराबरोबर आली. दुसरं, पोर्तुगीजांनी मकावहून आणली. ‘हजार वर्षं जुनी’ म्हणून सांगणाऱ्या गाइडकडे दुर्लक्ष करा.

शेजारी मासे विकत घेऊन बाजूच्या टपरीवर तळून घेता येतात. वजन आपल्यासमोर करायला लावा आणि मासा, तळणावळ दोन्हींचा भाव आधीच बोलून घ्या. किनाऱ्यावर पोहायचा विचार नको. खाडीचं मुख आहे, प्रवाह ओढतो, शिवाय पावसाळ्यानंतर जलपर्णीचे ढीग वाहून येतात. काठावरून बघत राहिलात तर कधीकधी डॉल्फिनच्या पाठी दिसतात.

तिथून चालत सेंट फ्रान्सिस चर्च. पोर्तुगीज कोचीला 1500 च्या डिसेंबरात आले, 1503 मध्ये इथे किल्ला बांधला, आणि 1530 पर्यंत भारतातलं त्यांचं मुख्य ठाणं गोवा नव्हे, कोची होतं. वास्को द गामा तिसऱ्या खेपेला व्हॉइसरॉय होऊन आला आणि 24 डिसेंबर 1524 ला इथेच वारला. त्याला याच चर्चमध्ये पुरलं. 1539 मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे कठड्याआड दिसते ती रिकामी कबर आहे, तिच्यासमोर हात जोडून फोटो काढणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. त्यापेक्षा वर बघा. छताला लांब कापडी पंखे टांगलेत, त्यांचे दोर भिंतीतल्या भोकांतून बाहेर जातात. बाहेर उन्हात बसून ओढणारा माणूस आतल्यांना दिसू नये अशी सोय. भिंतीतले मोठाले थडग्यांचे दगड डच आणि पोर्तुगीज दोन्ही आहेत, कारण 1663 मध्ये डचांनी गाव घेतल्यावर कॅथलिक चर्च प्रोटेस्टंट झालं, पुढे 1795 मध्ये इंग्रज आल्यावर अँग्लिकन. रविवारी सकाळी उपासना असते, तुमचा बुधवार आहे.

सांताक्रूझ बॅसिलिका जवळच आहे, आतून रंगीबेरंगी आणि भव्य, पण आजची इमारत 1905 ची. दहा मिनिटं पुरेत. डच दफनभूमीला बहुधा कुलूप असतं, फाटकातून बघून पुढे चला. किल्ला शोधू नका. इंग्रजांनी तो पाडला, समुद्राकाठी थोडेफार दगड उरलेत. त्याऐवजी परेड ग्राउंडभोवतीच्या अवाढव्य पर्जन्यवृक्षांखालून रमतगमत नाश्त्याला जा. दहानंतर ऊन आणि दमट हवा आई-बाबांना त्रास देईल, तोवर तुमचं चालणं संपलेलं असेल. बिएनालेचं, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाचं वर्ष असेल, तर साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत हीच जुनी गोदामं आणि बंगले चित्र-शिल्पांनी भरलेले असतात; 2012 पासून ते सुरू आहे. तुम्ही त्याआधी जाताय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

मरीन ड्राइव्हवरची तासाभराची ‘बॅकवॉटर क्रूझ’ मी का गाळली? ती बंदरातली फेरी आहे, बॅकवॉटर नाही, आणि तुम्ही आदल्या दिवशी अलेप्पीला खरं बॅकवॉटर बघून आलेले असाल. तेच बंदर वॉटर मेट्रोतून सिटी बसच्या पंक्तीतल्या तिकिटात दिसतं. ही विजेवर चालणारी, गारेगार, चढायला धक्क्याच्या पातळीवर असलेली बोट आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि कोचीन शिपयार्डने बांधली. म्हाताऱ्या माणसांना आधार न घेता पाऊल टाकता येतं, जे जुन्या लाकडी बोटींत जमत नाही.

तर बुधवारी बाराच्या सुमाराला असं करा. सामान गाडीत टाका, ड्रायव्हरला रिकामा एर्नाकुलमला हायकोर्टाच्या धक्क्यावर पाठवा, आणि तुम्ही फोर्ट कोचीहून वॉटर मेट्रोने या. रस्त्याने त्याला पुलांवरून फिरून यावं लागतं, तुम्ही समोरासमोर पाणी कापून येता. वाटेत एका बाजूला वल्लारपाडमचे कंटेनर उचलणारे प्रचंड क्रेन, बोलगट्टी बेट, तिथे डचांनी 1744 मध्ये बांधलेला वाडा, आणि दुसऱ्या बाजूला विलिंग्डन बेट. हे बेट निसर्गाने दिलेलं नाही. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने 1920 च्या दशकात मुखाशी आडवा आलेला वाळूचा दांडा कापला, तळ खोदून मोठ्या जहाजांना वाट केली आणि निघालेला गाळ टाकून बेट उभं केलं. आधी पुराने उघडलेलं मुख, सहा शतकांनी माणसाने खोल केलेलं. बोटीतून दोन्ही एका नजरेत येतं.

एर्नाकुलमला उतरून जेवा. तुमच्यात शाकाहारी कोण असेल तर केळीच्या पानावरचं ‘मील्स’ मागा, भात जाड्या उकड्या तांदळाचा नको असेल तर आधीच पांढरा भात म्हणा. वेळ उरला तर त्रिपुणित्तुराचा हिल पॅलेस बघता येईल, 1865 चा, मोठं संग्रहालय आणि बाग. सोमवारी बंद असतो, बुधवारी चालू. मात्र तिथून विमानतळ लांब आणि संध्याकाळचं ट्रॅफिक वाईट, त्यामुळे रात्री नऊच्या आधीचं विमान असेल तर नाद सोडा.

ड्रायव्हरला एक विचारून ठेवा: त्या आठवड्यात हरताळ आहे का. केरळात तो एक-दोन दिवसांच्या सूचनेने होऊ शकतो, त्या दिवशी दुकानं, टॅक्सी सगळं बंद असतं. मुन्नारला असताना हरताळ आला तर फारसं बिघडत नाही, विमानाच्या दिवशी आला तर पहाटेच निघून विमानतळाजवळ बसून राहायची तयारी ठेवा.

आणि बॅगा भरताना: मसाल्याच्या पुड्या हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढायला लावतात, चेक-इन बॅगेत टाका. तेलाच्या बाटल्याही तिथेच, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या मात्र चेक-इनमध्येही चालत नाहीत, त्यात तेल असतं म्हणून. आई हमखास घेतील, त्यांना अलेप्पीतच सांगून ठेवा.